विरोळा नव्हता तो

कुवेतच्या राई भागातल्या ज्या नर्सरीत मी काम करते तिथे दर्शनी भागात फायबरचं एक तळं आहे. दोन पलंग मावतील एवढं. त्यात वॉटर लिली, पाणगवत आणि गोल्डफिश. व्हिलाच्या अंगणात असं काही करून हवं असेल तर गिऱ्हाईक आधी ते बघतं, मग बोलणं पुढे जातं. मार्चच्या सुरुवातीला त्या तळ्यातले मासे कमी व्हायला लागले.

आमचे मॅनेजर केरळचे. माणूस कामाचा, पण एकदा काही ठरवलं की ते दगडावर कोरलेलं. त्यांनी ठरवलं, मांजर. राईतल्या गोदामांच्या मागे मांजरांना तोटा नाही, त्यामुळे कुणालाच ते खोटं वाटलं नाही. तळ्यावर जाळी आली. मासे कमी होतच राहिले. मग दोष आमच्या माळीचाचांवर आला. चाचा बांगलादेशचे, साठीला टेकलेले, वीस वर्षं इथली झाडं सांभाळणारे. "जाळी नीट लावत नाही तू," असं त्यांना चार लोकांत ऐकवलं गेलं. ते गेले आणि जाळीचे कोपरे विटांनी दाबून आले.

मी ऑर्डर घेते. टेबल, संगणक, फोन. एमएस्सी प्राणिशास्त्र आहे, पण लग्न करून कुवेतला आले आणि त्या पदवीचं पुढे काही झालं नाही. एका शाळेने विचारलं होतं, तेव्हा मुलगी लहान होती. नंतर मी विचारत राहिले, तेव्हा जागा नव्हत्या. या नर्सरीने घेतलं ते मला वनस्पतींची लॅटिन नावं न अडखळता वाचता येतात म्हणून. प्राण्यांचं मला कुवेतच्या अठरा वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी एका गिऱ्हाइकाला पाठवायला लिलीचा फोटो हवा होता म्हणून मी तळ्यापाशी गेले. मोबाइलमध्ये बघताना पानाच्या कडेला काहीतरी दिसलं. अंगठ्याएवढं डोकं, पाण्याच्या रेषेत. नाकपुड्या आणि डोळे तेवढे वर. बाकी सगळं आत. मी हलले नाही, तेही हललं नाही.

मला काय वाटलं हे सांगायला थोडं मागे जावं लागेल. माझे वडील सरकारी मत्स्यबीज केंद्रात नोकरीला होते. आमचं क्वार्टर तलावांच्या बांधावरच होतं. बोटुकलीवर, म्हणजे बोटाएवढ्या माशांच्या पिल्लांवर, विरोळे टपलेले असायचे. कोणी त्याला पाणदिवड म्हणतं, आम्ही विरोळा म्हणायचो. पिवळट अंग, त्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन, डोळ्यापासून निघालेल्या दोन तिरक्या काळ्या रेघा. तापट साप. धरायला गेलं की मान चपटी करून सरळ हातावर, आणि एकदा तोंडात धरलं की सोडायचा नाही. विष मात्र अजिबात नाही. वडिलांच्या मनगटावर त्याच्या दातांच्या खुणा कायमच असायच्या. ते रक्त पुसायचे, साप पोत्यात टाकायचे आणि सायकलवरून लांबच्या ओढ्यात सोडून यायचे. मारू नका, असं कामगारांना सांगून सांगून त्यांचा घसा बसायचा. मी दहा वर्षांची असताना पहिला विरोळा हातात धरला.

तर राईमध्ये, ट्रकच्या आवाजात, ते डोकं बघून मला भीती नाही वाटली. ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

मग मी चूक केली. मॅनेजरना जाऊन सांगितलं.

"सर, मांजर नाही. तळ्यात साप आहे. पाण्यातला आहे, विषारी नाही. चाचांचा काही दोष नाही यात."

यातलं त्यांनी फक्त 'साप' एवढंच ऐकलं. खुर्ची मागे सरकली. पाच मिनिटांत सगळ्या नर्सरीला कळलं. इथे साप म्हणजे वाळवंटातला, शिंगं असलेला, चावला तर जाबरियाच्या हॉस्पिटलपर्यंत तरी पोचू का असा. पाण्यातल्या सापाची कल्पनाच कुणाला नव्हती.

"पेस्ट कंट्रोलवाले को बुलाओ. पानी में दवा डाल देंगे," मॅनेजर म्हणाले.

"मासे मरतील. लिलीची मुळं जातील. सर, मी पकडते ना. मला येतं."

"मॅडम, आप ऑर्डर डेस्क पर हैं."

"आज दुपारपर्यंत द्या. नाही जमलं तर बोलवा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना नर्सरीच्या छतावरून उडी मारून दाखवते म्हणाले होते. पण नवे मासे घ्यायचा खर्च त्यांना नकोच होता. "दो बजे तक," ते म्हणाले.

नवऱ्याला मेसेज केला. तो पेट्रोकेमिकलमध्ये इंजिनिअर आहे, सुरक्षेच्या नियमांत मुरलेला. लगेच फोन आला. "अगं, तू नोकरीवर आहेस, सर्पोद्यानात नाही. तुला काय गरज आहे?" मुलगी घरीच होती, अभ्यासाच्या सुट्टीवर. मागून तिचा आवाज आला, "आई, जस्ट कॉल समवन!" कुणाला कॉल करायचा ते तिने नाही सांगितलं.

चाचा मात्र हसले. मी त्यांना वर्णन करून सांगितलं तेव्हा म्हणाले, "ढोंडा. हमारे धान के खेत में बहुत. ज़हर नहीं उसमें." बारा वर्षांच्या ओळखीत आम्ही खत आणि पाणी सोडून काही बोललो नव्हतो. त्या दिवशी कळलं की त्यांच्याकडे पावसाळ्यात घराच्या पायरीपर्यंत पाणी येतं आणि हे साप चुलीपाशी येऊन बसतात.

दोघांनी मिळून तळं अर्धं रिकामं केलं. कुंड्या एकेक उचलल्या. ही पाणगवताची खेप डिसेंबरात उत्तरेकडच्या इराकच्या सीमेवरून ट्रकने आली होती, मुळांना चिखल तसाच होता. थंडीत तो त्या चिखलात वेटोळं करून झोपला असणार आणि मार्चच्या उन्हात जागा झाला असणार. शेवटच्या कुंडीखाली तो होता. चाचांनी मासे धरायची दांड्याची जाळी खाली सारली, मी तिचा दांडा दाबला, आणि तो आत आला.

अडीच फूट असेल. राखाडी हिरवट अंग, पाठीवर गडद ठिपक्यांच्या ओळी. खवल्यांवर मधोमध बारीक कंगोरा, त्यामुळे अंग खरखरीत. पोट पलटलं तेव्हा पिवळट-नारिंगी, त्यावर काळे चौकोन. विरोळ्यापेक्षा डोकं अरुंद वाटलं, डोळ्याखालच्या रेघाही दिसल्या नाहीत. मी ते पाहिलं. पाहून सोडून दिलं. सगळे विरोळे सारखे नसतात असं स्वतःला सांगितलं. आज त्याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

मी त्याला मानेमागे धरलं आणि चाव्याची वाट बघत राहिले. चावा आला नाही. आली ती घाण. पांढरट, कुजलेल्या मासळीसारखा वास मारणारी, थेट माझ्या मनगटापर्यंत. मग तो एकाएकी सैल पडला. उलटा झाला, तोंड उघडं, जीभ एका बाजूला लोंबणारी, आणि तोंडाच्या कडेला रक्ताचा थेंब.

दांडा जोरात दाबला गेला, माझ्या हातून मेला, असंच वाटलं. हलवून बघितलं. दोरी हलवावी तसा हलला. चाचा म्हणाले, "ख़तम, मॅडम."

तेवढ्यात मॅनेजर काचेच्या दारातून डोकावले. "हो गया?"

"मेला," मी म्हणाले. "मर गया, सर."

त्यांनी दुरून फोटो काढला, कुठल्यातरी ग्रुपवर टाकला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मला शाबासकी नको होती. मी त्याला एका रिकाम्या क्रेटमध्ये ठेवलं. मनात होतं, नीट मोजावा, खवले बघावेत, मग पुरावा. हात धुवायला गेले. तीन वेळा साबण लावला तरी वास जाईना.

परत आले तर क्रेट रिकामा.

आधी वाटलं कुणी उचलून टाकला. सगळ्यांना विचारलं. कुणी हातही लावला नव्हता. मग क्रेटच्या कडेवरून खाली गेलेली ओली रेघ दिसली. ती फरशीवरून शेडनेटच्या हिरव्या मांडवाच्या दिशेने गेली होती आणि कुंड्यांच्या रांगेत संपली होती.

मॅनेजरना सांगण्यावाचून इलाज नव्हता. ते शांतपणे बोलले, आणि तो शांतपणाच मला लागला.

"आपने बोला था मर गया."

"हो सर. चुकले मी. पण तो खरंच काही करत नाही..."

"आपने ये भी बोला था कि ज़हर नहीं है."

विषाबद्दल मी बरोबर होते, मरण्याबद्दल चूक. पण एक चुकलं की दुसरं कुणी ऐकत नाही. मी विरोळ्याचं बोलले, वडिलांचं बोलले, शेवटी माझ्या एमएस्सीचं बोलले, आणि बोलता बोलता माझंच मला ऐकवेना.

शेडनेट बंद झालं. कामगारांनी आत जायला नकार दिला, आणि त्यांना मी दोष देत नाही. पेस्ट कंट्रोलवाले आले. पायांना गमबूट, हातात पावडरचा डबा. त्यांनी कडेकडेने पांढऱ्या रेघा मारल्या. मी त्यांच्यातल्या एकाला विचारलं, "याने साप जातो?" तो म्हणाला, "मॅडम, झुरळं नक्की जातात."

त्या दुपारी मी फोन करत बसले. प्राण्यांसाठी काम करणारं कुणीतरी असेलच ना. एका कचेरीने दुसरीचा नंबर दिला, दुसरीने तिसरीचा. तिसऱ्या ठिकाणी अर्ज भरायला सांगितला. अर्जात सिव्हिल आयडी, इमारतीचा क्रमांक, आणि प्राण्याचा प्रकार निवडायची यादी. कुत्रा, मांजर, उंट, पक्षी. मी 'पक्षी' निवडून खाली शेऱ्यात 'साप' लिहिलं. फोनवरचा माणूस सभ्य होता. "बुकरा, सिस्टर, बुकरा." उद्या. हा उद्या आलाच नाही.

संध्याकाळी कंपनीच्या व्हॅनने घराकडे, महबूला भागात निघालो. शेजारी कुणी बसलं नाही, वासामुळे. गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. मी मोबाइलवर शोधायला लागले. या भागातले गोड्या पाण्यातले साप. तिसऱ्या फोटोवर थांबले. तोच. अरुंद डोकं, वर वळलेल्या नाकपुड्या, पाठीवर चौकोनी ठिपके. इंग्रजीत त्याला खेळायच्या फाशांवरून नाव आहे. विरोळ्याचा लांबचा नातेवाईक म्हणता येईल, पण विरोळा नव्हे. युरोपापासून इराक-इराणपर्यंत नद्यांतून, कालव्यांतून राहतो. मासे खातो. तळाशी दगडाला शेपटी अडकवून दबा धरून बसतो, श्वासापुरतं डोकं वर काढतो. चावत जवळजवळ नाहीच. धरला तर घाण सोडतो, आणि तेही पुरलं नाही तर मेल्याचं सोंग घेतो. तोंड उघडून, जीभ बाहेर काढून. कधीकधी तोंडातून रक्तसुद्धा काढतो.

मी ते तीनदा वाचलं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या एखाद्या मुलीलाही दहा मिनिटांत सापडलं असतं. मला सकाळी शोधायचं सुचलं नाही, कारण मला माहीत आहे असं मी धरून चालले होते. जे माहीत होतं ते तीस वर्षांपूर्वीचं आणि दुसऱ्या देशातल्या तलावाचं होतं. त्यानंतर मी काही वाचलंच नव्हतं. कुणी वाचू दिलं नाही असंही नाही. हळूहळू सुटत गेलं.

घरी नवऱ्याने दार उघडलं आणि नाक मुरडलं. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे त्याने तुला मामा बनवलं." आणि हसला. मी बाथरूममध्ये गेले आणि लिंबू चोळत बसले. हसण्यासारखंच होतं ते, पण मला हसू येईना.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरना फोटो दाखवायला गेले. त्यांनी मोबाइलकडे बघितलंही नाही. "मॅडम, प्लीज. ऑर्डर."

चाचांना दाखवला. त्यांनी बोटाने फोटो मोठा केला, पुन्हा लहान केला. मी विचारलं, "पाण्याचा साप आहे. या राईत तो पाण्यासाठी कुठे जाईल?" चाचांनी क्षणभर विचार केला आणि शेडनेटच्या मागे बोट दाखवलं. तिथे कुंड्या भिजवायचा अर्धा पुरलेला निळा ड्रम होता. पावडरच्या रेघा तिथपर्यंत पोचल्याच नव्हत्या.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघंच गेलो. तो ड्रमच्या तळाशी होता, शेपटी विटेभोवती गुंडाळलेली. या वेळी दांडा नाही, नुसता हात. पुन्हा घाण, पुन्हा सैल अंग, उघडं तोंड, लोंबणारी जीभ.

"मर गया," चाचा म्हणाले.

"नाही. थांबा."

त्याला झाकणाच्या ड्रमात ठेवलं आणि आम्ही दोघं फटीतून बघत बसलो. पाच मिनिटं झाली. सात झाली. मग जीभ आत गेली. डोकं हळूच वळलं, जगात कुणी आहे का बघितल्यासारखं, आणि अंग सरळ झालं. चाचांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि लगेच ओशाळून हात मागे घेतला. मला वाटलं, आता झालं. आता मॅनेजरना हे दाखवायचं.

ते आले. दहा पावलं दूर उभे राहिले. मी झाकण काढून त्याला उचललं. म्हटलं, "बघा हं, आता तो मेल्यासारखा पडेल."

तो पडला नाही. शांतपणे माझ्या मनगटाभोवती फिरला, जीभ आतबाहेर केली, मॅनेजरकडे डोकं वळवलं. बहुतेक दमला होता, किंवा माझ्या हाताला सरावला होता. मी त्याला किंचित हलवलं. काही नाही. मी त्याला उलटा केला, तो सुलटा झाला. सत्तेचाळीस वर्षांची बाई, हातात साप धरून त्याला मरायची विनवणी करत उभी.

"आज के आज बाहर," मॅनेजर म्हणाले आणि गेले.

बाहर म्हणजे कुठे? नदी नाही, ओढा नाही. समुद्र खारा. वाळवंटात सोडणं म्हणजे मारणंच. आणि एखाद्या बागेतल्या तळ्यात सोडणं मला पटेना, जो इथला नाही त्याला तिथे सोडू नये एवढं तरी मी शिकले होते. शुक्रवारच्या बाजारातला पक्षीवाला आमच्याकडे खत घ्यायला येतो. त्याच्या कानावर गेलं होतं. तो ड्रमपाशी येऊन म्हणाला, "मला दे. नागाचं पिल्लू म्हणून लगेच जाईल." मी त्याला इतक्या जोरात नाही म्हटलं की चाचा धावत आले.

तीन वाजता एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. कुवेती बाई, निवृत्त शिक्षिका. लिलीची ऑर्डर का आली नाही म्हणून विचारत होत्या. मी कंटाळले होते, थकले होते, खरं ते सांगून टाकलं. मला वाटलं, हीही ऑर्डर गेली.

"पोटावर चौकोन आहेत?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"हो."

"मेल्याचं सोंग घेतलं?"

मी पुन्हा हो म्हणाले. दोन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला प्रश्न विचारला होता. त्यांनी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं होतं. घरी काचेच्या टाक्यांत कासवं होती. तासाभरात त्या स्वतः गाडी घेऊन आल्या. अबाया सावरत ड्रमवर वाकल्या, झाकण काढलं आणि त्यांच्या तोंडून अरबीत असं काही निघालं जे आपण तान्ह्या बाळाला बघून म्हणतो. मॅनेजर स्वागताला बाहेर आले होते, कारण बाई मोठ्या गिऱ्हाईक. त्या त्यांना म्हणाल्या, "तुमच्याकडे हिच्यासारखी बाई आहे, नशीबवान आहात." मॅनेजर "येस मॅडम, येस मॅडम" म्हणाले.

साप बाईंकडे गेला. अधूनमधून त्या व्हिडिओ पाठवतात. मे महिन्यात त्याने कात टाकली, ती सोलून निघताना डोळ्यांवरच्या पापुद्र्यासकट अखंड निघाली. मी चाचांना दाखवलं. मुलीलाही दाखवलं. ती म्हणाली, "ओके, दॅट्स ॲक्चुअली कूल," आणि परत आपल्या फोनमध्ये गेली.

नर्सरीत काही बदललं नाही. मी एक पानभर माहिती लिहिली होती, हिंदीत, इंग्रजीत, आणि बाईंकडून अरबीत करून घेऊन. पाण्यातला साप कसा ओळखायचा, दिसला तर काय करायचं, मेल्यासारखा दिसला तरी मेला आहे असं समजू नका. ती सामान उतरवायच्या जागी भिंतीवर लावली. चार दिवसांनी तिच्यावर पाळ्यांचा तक्ता चिकटवलेला होता. मी काढून बाजूला लावला. पुन्हा कुणी वर लावला. मॅनेजरना सांगितलं तर म्हणाले, "दीवार छोटी है, मॅडम." आता पाण्याच्या झाडांची खेप आली की दोघं जण काठ्या घेऊन उभे असतात आणि मला ऑर्डर डेस्क सोडून यायची परवानगी नाही. चाचा डिसेंबरात कायमचे घरी जाणार आहेत. त्यांनी जायच्या आधी काठीवाल्यांना काय काय सांगून ठेवायचं याची आम्ही दोघांनी यादी केली आहे. काठीवाले ऐकतील असं मला वाटत नाही. चाचांनाही वाटत नाही, पण ते म्हणतात, सांगून तर बघू.